हवेचा सातबारा

ब्रिटिशांना एखाद्या माणसाचा जगाशी संबंध तोडायचा झाला की रत्नागिरी आठवायची. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे आणून ठेवला. तीस वर्षांनी तो इथेच वारला. सावरकर १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध होते. रेल्वे नव्हती, घाट अवघड, पावसाळ्यात बोटी बंद. पहाऱ्याचा निम्मा खर्च सरकारला पाऊसच वाचवून देत असणार. आता कोकण रेल्वे आहे, दारात फायबर आहे, आणि तरी आमचा दादा पुण्याच्या साहेबाशी मीटिंगमध्ये बोलता बोलता एक डोळा अर्धा मिटलेला आणि तोंड उघडं अशा अवस्थेत थिजतो. पलीकडून साहेब विचारतात, "तू तिथेच आहेस ना?" दादा तिथेच असतो. थिबाही तिथेच होता. त्याला निदान सरकारने १९१० साली राजवाडा तरी बांधून दिला.

घरातलं नेट बिघडलं की आधी कारण शोधावं आणि मग दोषी, अशी जगाची रीत असेल. आमच्याकडे दोषी आधीच ठरलेले असतात, नेट गेल्यावर फक्त त्यांची नावं पुकारायची. आईच्या मते मुलं सारखी मोबाइल बघतात म्हणून नेट संपतं. वहिनीचा राग इन्व्हर्टरवर, कारण तो बाबांनी तिला न विचारता आणला. बाबांना खात्री आहे की गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी जाताना नेटमधलं काहीतरी घेऊन जातात. पुतण्याचं निदान सगळ्यात शास्त्रीय: त्याचा फोन जुना झाला आहे. आणि आजीचा संशय पहिल्या दिवसापासून एकाच वस्तूवर, मायक्रोवेव्हवर. तो घरात आला तेव्हाच तिने सांगितलं होतं, जाळ दिसत नाही तिथे अन्न शिजवू नये.

गंमत म्हणजे घरातल्या एवढ्या विद्वानांमध्ये आजीच बरोबर निघाली. वहिनी आमटी गरम करायला घेई आणि ओटीवर दादा थिजे. मायक्रोवेव्ह गुणगुणायचा थांबला की दादाचं थिजलेलं वाक्य पुढे सुरू. पहिल्यांदा हा योगायोग वाटला. मग पुतण्याने नुसतं भांडंभर पाणी आत ठेवून बटण दाबून पाहिलं, आणि ओटीवरून दादाचा ओरडा आला. कारण साधं आहे. मायक्रोवेव्ह चालतो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास. जुनं वाय-फाय चालतं २४०० ते २४८३.५ या पट्ट्यात, म्हणजे दोघांचं दुकान एकाच गल्लीत. डब्याचं दार कितीही घट्ट असलं तरी थोडी गळती होतेच. ती माणसाला बाधत नाही, पण आतल्या आठशे वॉटच्या मानाने बाहेर झिरपलेला थेंबसुद्धा राउटरच्या दुबळ्या आवाजाला बुडवायला पुरतो. हे सगळं आजीला समजावून सांगितल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मी म्हणत होते तेच ना?" आणि तेव्हापासून दादाची मीटिंग असली की आमटी चुलीवर. नव्या तंत्रज्ञानाने आमच्या घरात चूल परत आणली, हे कोणत्याही जाहिरातीत येणार नाही.

पण आजीचा शत्रू सापडला तरी नेट सुधारलं नाही, कारण खरा खलनायक खुद्द घरच होता. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की पणजोबांनी बांधलेलं आमचं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या हातभर रुंद भिंती, वर मंगलोरी कौलं, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. ही घरं बाहेरच्या गोष्टी बाहेर ठेवायला बांधलेली: पाऊस, उकाडा, चोर आणि जमल्यास पाहुणे. बाहेरची एखादी लहर आत यावी अशी अपेक्षाच नव्हती. घरातल्या माणसांच्या लहरी पुष्कळ होत्या.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहर भिंतींमधून पाठवून पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बसले होते. लहर त्यांच्या देहातून आरपार गेली म्हणतात. बोस मोठेच, पण त्यांची गाठ गव्हर्नराशी पडली, जांभ्याशी नाही. जांभा सगळा भोकाभोकांचा असतो, आणि त्याचा तांबडा रंग लोहाचा. उन्हाळ्यात तो बरा वागतो. मग जून उजाडतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जमेल तेवढा आमच्या पश्चिमेच्या भिंतीत मुरतो. पाण्याने गच्च झालेली भिंत लहरीला कोरड्या भिंतीपेक्षा जास्त खाते. म्हणून मे महिन्यात स्वयंपाकघरापर्यंत येणारं नेट आषाढात देवघराच्या उंबऱ्यावर थबकतं. पुढे सोवळं असल्यासारखं.

त्यातून राउटर एकाच वेळी दोन पट्ट्यांवर बोलतो, एक दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झचा, दुसरा पाचचा. पाचचा वेगवान, पण त्याची लहर आखूड, सहा सेंटिमीटरच्या आतबाहेर. भिंत दिसली की तो आधी माघार घेतो. दोन-चारची लहर बारा सेंटिमीटरची, ती हळू पण चिकट. पुतण्याचा फोन कायम पाचवर, कारण पाच दोनापेक्षा मोठे. मागच्या पडवीत बसून तो पाचलाच धरून राहतो, काही उघडत नाही, आणि मग नव्या फोनचा विषय निघतो.

राउटर ठेवला आहे ओटीवर. का? कारण पूर्वी तिथे टेलिफोन होता. त्याच फळीवर, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, आरशाशेजारी. आईने टेलिफोनचं क्रोशाचं झाकणही वाया जाऊ दिलं नाही, राउटरवर घातलं. क्रोशाने काही बिघडत नाही, राउटर जरा तापतो इतकंच. पण कपाटाचा पत्रा आणि आरशाचा पारा लहरीला सरळ परत पाठवतात. म्हणजे आमच्या नेटचा मोठा भाग अंगणातल्या तुळशीला मिळत होता. तुळस छान वाढली आहे.

आता नेटवाल्याबद्दल. फोन केला की त्याचा एकच प्रश्न: "काका, लाल पेटलाय की हिरवा?" या प्रश्नात त्याचं सगळं वैद्यक सामावलेलं आहे. डब्यावरचा तो एक दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नाही, दोष बाहेर. मग कारणांची यादी त्याला तोंडपाठ असते. हायवेला जेसीबी लागला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण एका दशकाहून जास्त चाललं आहे, त्यामुळे हे कारण कधी शिळं होत नाही. माकडांनी वायर ओढली. वळिवाच्या वाऱ्यात माडाची झावळी पडली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा पहिल्यांदाच त्याला कारण शोधावं लागलं नाही; तो बिचारा हरवल्यासारखा दिसत होता. आणि दिवा हिरवा असेल तर? "मग आमच्याकडून क्लिअर आहे, काका." हिरवा असला की तो तुमचा घरगुती प्रश्न.

एकदा मात्र दिवा ना लाल ना हिरवा, नुसता लुकलुकत होता आणि नेटवाल्या पोराला यावंच लागलं. त्याने वायर काढून एका छोट्या मीटरला लावली. आकडा आला मायनस एकोणतीस. सत्तावीसच्या खाली गेलं की डब्याला दिसत नाही, म्हणाला. मग तो वायरीवरून बोट फिरवत उलटा चालत खिडकीपर्यंत गेला. तिथे केसाएवढ्या काचेच्या त्या तंतूला गजाभोवती घट्ट पीळ दिलेला होता आणि त्या पिळावर बाबांची छत्री अडकवलेली. काच वाकवली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. पोराने पीळ सोडवला, सैल वेटोळं केलं, पुन्हा मीटर लावला. मायनस एकवीस.

"आठने वाढलं," बाबा म्हणाले.

"नाही काका, कमी झालं. मायनस आहे ना."

बाबा निवृत्त गणित शिक्षक. चाळीस वर्षं ज्या प्रश्नावर पोरं मार खात आली, तो प्रश्न त्यांच्या ओटीवर चालत आला होता. त्या पोराला संख्यारेषा काढून दाखवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. त्याने चहा घेतला, मान डोलावली, आणि तेव्हापासून फोनवर तो आधी विचारतो, "सर घरी आहेत का?"

पीळ गेला, आमटी चुलीवर गेली, तरी रात्री आठनंतर नेट रांगायचंच. आणि इथे खरा विषय येतो, ज्याचं नाव आमच्या घरात मोठ्याने घेत नाहीत. मधली भिंत.

आजोबा गेल्यावर घराची वाटणी झाली. पूर्वेचा भाग मोठ्या काकांना, पश्चिमेचा आम्हाला, आजी आमच्या हिश्श्याला आली. माजघरातलं दार चिऱ्यांनी बुजवलं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर दोन नावं चढली. परड्यातला फणस मात्र नेमका हद्दीवर निघाला, बुंधा त्यांच्यात आणि फांद्या आमच्यात, आणि दोन भावांची बोलचाल बंद झाली. ती अजून बंदच आहे असं दोघेही सांगतात. पण ते खरं नाही. काही वर्षांपूर्वी दोन्हीकडे वाय-फाय आलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

झालं असं की पुतण्याने आमच्या नेटवर्कला नाव काय द्यायचं विचारलं तेव्हा बाबा फणस पाहत होते. नाव ठेवलं, "फणस आमचाच". दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून एक नवं नेटवर्क फोनवर उमटलं: "पुरावा दाखव". आम्ही "मोजणी आण" केलं. त्यांनी "कोर्टात ये" केलं. वाय-फायच्या नावाला बत्तीस बाइटांची जागा असते आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि प्रत्येक मात्रा त्यातले तीन तीन खाते. म्हणजे भांडायला फार तर दहा खुणा. कोकणी माणसाला एवढ्यात भांडायला लावणं म्हणजे छळच, पण दोघाही भावांची भाषा त्यामुळे फार नेटकी झाली. रस्त्याने जाणारे लोक थांबून फोन काढतात आणि खटला कुठवर आला ते बघून पुढे जातात.

पण भांडण नुसतं नावांचं नव्हतं. पुतण्याने फोनवर एक अॅप उतरवलं, ज्यात आजूबाजूचं प्रत्येक नेटवर्क डोंगरासारखं दिसतं. आमचा डोंगर सहाव्या चॅनलवर. काकांचा आठव्यावर. दोन्ही डोंगर एकमेकांच्या अंगावर चढलेले. दोन-चारच्या पट्ट्यात आपल्याकडे चॅनल आहेत तेरा, पण ते पाच पाच मेगाहर्ट्झवर आखलेले आणि प्रत्येक राउटरला लागते वीस मेगाहर्ट्झची जागा. म्हणजे सातबाऱ्यावर तेरा वारस आणि जमीन तिघांपुरती. एक, सहा आणि अकरा हे एकमेकांत न घुसणारे तीन तुकडे.

यातही एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. दोन राउटर एकाच चॅनलवर असतील तर ते एकमेकांचं बोलणं ऐकू शकतात. एक बोलत असला की दुसरा थांबतो, पाळी लावतो. वेग अर्धा होतो, पण व्यवहार चालतो. सहा आणि आठ असे अर्धवट घुसलेले असतील तर समोरच्याचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट येतो, मग दोघेही त्याच्यावर ओरडत राहतात. इंजिनियर लोकांना हे शोधायला बरीच वर्षं लागली असतील. आमच्या गावात कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं, की ज्याच्याशी बोलचाल आहे त्याच्याशी भांडण परवडतं.

बाबांनी आधी कायद्याचा आधार शोधला. भारत सरकारने २००५ च्या जानेवारीत हा पट्टा परवान्यातून मुक्त केला. कोणीही वापरावा, अट एवढीच की दुसऱ्याला त्रास देऊ नये, दुसऱ्याकडून त्रास झाला तर संरक्षण मागू नये, आणि वापर सामायिक, कोणाचाही एकट्याचा हक्क नाही. हे वाचून बाबांचा चेहरा उतरला. सामायिक! ज्या शब्दापायी भूमी अभिलेखच्या पायऱ्या झिजवल्या, तोच शब्द हवेतही लिहून ठेवलेला. इथे तर मोजणी नाही, हद्दीचा दगड नाही, गडगाही घालता येत नाही.

तोडगा निघाला गणपतीत. जमीन, घर, फणस सगळं वाटलं गेलं असलं तरी गणपती मूळ घरचा एकच, आणि तो आमच्या बाजूला बसतो. त्या पाच दिवसांत काका उंबरा ओलांडून येतात, आरतीच्या वेळी बाबांच्या शेजारी उभे राहतात, आणि दोघेही झांजांच्या आवाजात एकमेकांकडे न बघता थोडं बोलतात. डोंबिवलीहून आत्या आली होती, तिच्याबरोबर तिचा कॉम्प्युटर शिकणारा मुलगा. घरात पाय ठेवल्यावर सगळ्या पोरांनी आधी पासवर्ड विचारला आणि मग गणपतीला नमस्कार केला. दोन्ही घरं मिळून इतके फोन जमले की रात्री जागरणाला कोणालाच भजनाचे शब्दही शोधता येईनात, शेवटी आजीला पाठ होतं ते म्हटलं.

आत्याच्या मुलाने, म्हणजे बाबा-काकांच्या भाच्याने, दोन्हीकडे हिंडून निदान केलं. राउटर ओटीवरून उचला आणि माळ्यावर ठेवा, म्हणाला. भिंतीतून आडवं जाण्यापेक्षा माळ्याच्या फळ्यांतून खाली उतरणं लहरीला सोपं. लाकूड तिला फारसं अडवत नाही. बरोबरच होतं. मे महिन्यात आम्ही जिथे गवतात आंब्याची आढी लावतो त्या जागी डबा गेला आणि मागच्या पडवीत पहिल्यांदा सगळ्या रेघा भरलेल्या दिसल्या. अडचण एवढीच की मधली भिंत माळ्यापर्यंतच आहे. वर कौलांखाली घर अजून एकच. त्यामुळे आमचं नेट काकांच्या न्हाणीघरापर्यंत पोचलं आणि त्यांचं आमच्या देवघरात.

म्हणून चॅनल वाटून घ्या, भाचा म्हणाला. काकांना भाचा पटला. भाचा म्हणजे ज्याचा वाडवडिलांच्या इस्टेटीत हिस्सा नाही असा तटस्थ माणूस, अशी त्यांची समजूत. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्तीही नेमकी २००५ सालचीच, मुलींना मुलांइतका हक्क देणारी. ती बातमी काकांपर्यंत अजून पोचलेली नव्हती आणि आत्याने ती मुद्दाम पोचवलेली नव्हती.

आरतीनंतर ओटीवर बैठक बसली. आजी मध्ये, खिरापतीची वाटी तिच्या मांडीवर.

"अण्णामामांना एक, धाकट्या मामांना अकरा," भाच्याने सुचवलं.

"मला अकरा का?" बाबा म्हणाले. "त्याला पहिला आणि मला शेवटचा?"

"मोठा मी आहे," काका झांजा खाली ठेवत म्हणाले. आरती संपली होती तरी ते बोलले, हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्यांनी ते दिसलं नाही असं केलं.

भाच्याने बाबांना सांगितलं की अकरा हा एकापेक्षा मोठा आकडा आहे. संख्यारेषेवर उजवीकडे आहे. बाबांनी हरकत मागे घेतली. मग काकांनी हे सगळं कागदावर हवं म्हणून आग्रह धरला. स्टॅम्प पेपर आता पाचशेचा झालाय, हे ऐकल्यावर साध्या वहीच्या पानावर चालेल म्हणाले. भाच्याने पुढचा धोका सांगितला: राउटर स्वयंचलितवर असेल तर लाइट जाऊन आली की तो आपल्या मनाने नवा चॅनल धरतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते बघता हे रोजचंच अतिक्रमण झालं असतं. तेव्हा दोघांनीही चॅनल हाताने पक्का करायचा, असं दुसरं कलम घातलं. सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून आजीचा अंगठा घ्यायचा का यावर थोडी चर्चा झाली. आजी सातवी शिकलेली आहे, तिने रागाने पूर्ण नाव लिहिलं.

आत्या इतका वेळ मोदकांच्या पाऱ्या करत गप्प बसली होती. तिने हात पुसले.

"आणि सहा?"

"सहा काय?" काका म्हणाले.

"एक तुला, अकरा ह्याला. तीनच आहेत म्हणालास ना रे बाळा? मग सहा कोणाचा?"

"सहा राहील तसाच. मोकळा."

"मोकळा कशाला? तो माझा."

"अगं, पण तू डोंबिवलीत. तुला काय करायचाय इथला चॅनल?"

"काही नाही करायचाय, अण्णा," आत्या म्हणाली, आणि वहीचं पान आपल्याकडे ओढलं. "नुसता नावावर असू दे."